एकाच सोफ्यावरचे दोघे

आत्मचरित्र लिहायला माणूस निदान पेन्शनीत निघालेला तरी असावा, असं माझ्या आईचं मत आहे. मी चाळिशीही धड ओलांडलेली नाही. हे प्रकरण लिहायला घेतलंय असं फोनवर सांगितलं तर म्हणाली, "तुझ्या आयुष्यात आहे काय? दहावीचा निकाल आणि दोन नोकऱ्या." तिचं चूक नाही. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं जे घडलं ते बहुतेक दुसऱ्यांना घडलं, मी फक्त त्या वेळी तिथं हजर होते. पण हजर असणं ही काही लहान पात्रता नव्हे. नुसतं जागेवर बसून थोर झालेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यातली दोन तर याच प्रकरणात भेटतील.

आम्ही तेव्हा कोलकात्यातल्या बेहालात राहायचो. बाबा बंदराच्या कामकाजाशी संबंधित एका सरकारी कंपनीत अधिकारी होते आणि मुंबईहून बदली होऊन आले होते. नेपाळला समुद्र नाही, त्यामुळे त्या देशाला परदेशातून लागणारी यंत्रं, औषधं, खाद्यतेल, सगळं खिदिरपूरच्या गोदीत उतरायचं आणि तिथून ट्रकनं किंवा रेल्वेनं वर डोंगरात जायचं. त्या मालाची कागदपत्रं बाबांच्या टेबलावरून पुढं सरकत. एका अख्ख्या राष्ट्राचा समुद्र आपल्या टेबलावर आहे याचा बाबांना गर्व नव्हता. बाबांना कसलंच काही नसायचं. ऑफिसात कुणी राजकारणाचा विषय काढला की ते डबा उघडायचे, आणि घरी आईनं काढला की पेपर. कोलकात्यासारख्या गावात, जिथं पानवाल्यालासुद्धा जगातल्या प्रत्येक क्रांतीविषयी मत असतं, तिथं कुठलंही मत न बाळगता इतकी वर्षं काढणारा माणूस म्हणून बाबांचा खरं तर गल्लीतल्या क्लबनं सत्कार करायला हवा होता. पण क्लबही कुठल्या तरी पक्षाचा होता, म्हणून राहून गेलं.

घर पहिल्या मजल्यावर होतं. खाली मालकांकडं सकाळी हिलसा मासा तळला जायचा, त्याचा वास आमच्या पूजेच्या वेळेला बरोबर वर यायचा. समोरच्या घरात एक मुलगी हार्मोनियमवर एकच सूर धरून सा लावायची आणि संध्याकाळी सगळ्या घरांतून शंख वाजायचे. मी घरी मराठी बोलायचे आणि बाहेर बंगाली, आणि दोन्हीकडं लोकांना वाटायचं की ही पोर दुसऱ्या भाषेत तरी बरी बोलत असणार. आई मात्र माहेरच्या पुण्यातून उचलून आणलेलं स्वयंपाकघर तसंच चालवायची. कढीपत्ता कुंडीत, गोडा मसाला माहेरून, आणि बंद पुकारलेला असला की साबुदाण्याची खिचडी. बंद इतके असायचे की आमच्या घरी एकादशीला निराळी काही किंमत उरली नव्हती.

या घरात देवकीताई आली ती बस्नेतसाहेबांमुळं. बस्नेतसाहेब नेपाळच्या मालाचे क्लिअरिंग एजंट. खिदिरपुरात त्यांचं ऑफिस होतं आणि कोलकात्यातल्या नेपाळी लोकांच्या एका संघाचे ते अध्यक्ष, सचिव आणि माईकची सोय करणारे, असं सगळंच होते. एका रविवारी ते संत्र्यांची पेटी घेऊन आले, ती बाबांनी दारातूनच परत केली, मग ते खऱ्या कामाचं बोलले. त्यांच्या गावाकडची एक बाई त्यांच्या ऑफिसात कामाला लागली होती, सभ्य घरातली, शिकलेली, तिला राहायला एखादी खोली हवी होती. आमच्याकडं खोली नव्हती. माझी खोली होती. आईनं त्या दोन वाक्यांमधला फरक काही मानला नाही, आणि पुढच्या आठवड्यात माझ्या पलंगाशेजारी दुसरा पलंग आला.

देवकीताई तेव्हा तिशीतली असेल. बारीक अंगाची, ठेंगणी, हिंदी नेपाळी चालीवर बोलायची, म्हणजे रागावली तरी विनंती करतेय असं वाटायचं. कपाळावर लाल टिका, गळ्यात बारीक लाल मण्यांची पोत, हातात लाल काचेच्या बांगड्या. आईला ती दिदी म्हणायची. तिनं येताना वाळवलेल्या आंबट पाल्याची पुडी आणली होती, त्याला ते गुंद्रुक म्हणतात. त्याचा रस्सा केला की अख्ख्या जिन्याला वास सुटायचा आणि हिलशाचा पहिल्यांदाच पराभव व्हायचा. आईनं चार दिवस नाक मुरडलं आणि पाचव्या दिवशी त्यात शेंगदाण्याचं कूट घालून आमटी केली. देवकीताईनं ती संपवली आणि ताट स्वतः विसळलं. पुढं तिला आमच्या घरात पुष्कळ काही सोसावं लागलं, त्याची ती सुरुवात.

तिच्या देशातलं युद्ध तेव्हा संपलं होतं. निदान पेपरात तसं आलं होतं. दहा वर्षं एकमेकांना गोळ्या घालणाऱ्या दोन बाजूंनी सह्या केल्या होत्या, राजाला वाडा सोडायला सांगितलं होतं आणि नवीन राज्यघटना लिहायचं ठरलं होतं. कालपर्यंत ज्यांच्या डोक्यावर इनाम होतं ते मंत्री झाले होते, आणि ज्यांनी इनाम लावलं होतं तेही मंत्रीच राहिले होते. याला राष्ट्राची पुनर्बांधणी म्हणतात. अशा बांधकामात खुर्च्या आधी बसवतात, भिंती सवडीनं उभ्या राहतात.

देवकीताईचा नवरा हरिप्रसाद गावातल्या शाळेत गणित शिकवायचा. एका सकाळी तो अंगणातल्या नळावर तोंड धूत होता. गणवेशातली काही माणसं आली, त्याला नावानं हाक मारली, त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं आणि तो त्यांच्याबरोबर गेला. जाताना तिला म्हणाला, चहा झाकून ठेव. तो परत आला नाही. गणवेश कुणाचा होता ते तिला सांगता येईना, कारण त्या दिवसांत दोन्ही बाजू हिरव्याच कपड्यात फिरायच्या. ती छावणीवर गेली तर सांगितलं, बंडखोरांनी नेलं असेल, त्यांना शिकलेली माणसं लागतात. जंगलात निरोप पाठवला तर उत्तर आलं, सरकारनं नेलं असेल, त्यांना शिकलेली माणसं खुपतात. गणिताच्या मास्तराचा एवढा मान दोन्ही बाजूंनी आधी कधी ठेवला नव्हता.

शांतता झाल्यावर प्रकरण आणखी सोपं झालं. तो मेला असं तिनं लिहून द्यायचं, मग तो शहीद ठरणार होता. दोन्ही पक्ष त्याला आपापला शहीद मानायला तयार होते. आपला कैदी मानायला एकही तयार नव्हता. आणि लिहून दिल्याशिवाय काहीच पुढं सरकत नव्हतं. तिची मुलगी समीक्षा गावी आजीजवळ होती. तिला मोठी झाल्यावर नागरिकत्वाचा दाखला लागणार होता, त्यासाठी एकतर बाप समोर हवा किंवा बापाच्या मृत्यूचा दाखला हवा. बाप कुठं आहे ते माहीत नाही, ही तिसरी शक्यता कुठल्याच खिडकीवर घेत नव्हते. देवकीताई हे सगळं उशीच्या खोळी बदलताना, केस विंचरताना, असं तुकड्यातुकड्यानं सांगायची. मी एकदा विचारलं, "तुला काय वाटतं, ते जिवंत आहेत?"

"मला काय वाटतं ते सगळेच विचारतात," ती म्हणाली. "ज्यांना माहीत आहे त्यांना कुणी विचारत नाही."

संक्रांतीला आई तिला मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला घेऊन गेली. कोलकात्यातलं आमचं मंडळ म्हणजे दोन जाती. एक बदलीवाले, दुसरे तीन पिढ्यांपासून इथलेच. दुसऱ्या जातीच्या प्रमुख दामलेकाकू. त्या करंडा घेऊन रांगेनं आल्या आणि देवकीताईपाशी थांबल्या.

"यांचे यजमान काय करतात?" त्यांनी आईला विचारलं.

"शिक्षक आहेत."

"कुठं?"

"ते कळलेलं नाही," आई म्हणाली.

दामलेकाकूंचं बोट कुंकवात तसंच राहिलं. आईनं थोडक्यात सांगितलं. मग तिळगुळाच्या ताटाशी तिघी-चौघींची बैठक झाली. एकीनं सांगितलं की अमुक वर्षं वाट बघायची असते, कायद्यातच आहे. दुसरी म्हणाली, उगाच अशुभ नको. शेवटी दामलेकाकूंनी तोडगा काढला की नुसती हळद लावावी. पुढं कामानिमित्त मी शांतता-करारांचे बरेच मसुदे वाचले. नुसती हळद लावणं याहून वेगळं त्यात क्वचितच काही सापडलं.

देवकीताईला मराठी येत नव्हती. तिनं मला हळूच विचारलं, "काय म्हणताहेत?"

"तिळगूळ कमी पडलाय म्हणताहेत," मी म्हणाले.

"आमच्या गावातही असाच कमी पडायचा," ती म्हणाली आणि मांडीवरचा पदर सारखा करत बसली.

आई उठली, दामलेकाकूंच्या हातून करंडा घेतला आणि देवकीताईच्या आधीच्या टिक्यावर एवढं मोठं कुंकू लावलं की ते नाकावर सांडलं. मग आमची वाणाची वाटी न घेताच आम्ही निघालो. त्यानंतर आपण मंडळात जाणं सोडलं, असं आई अजून सांगते. माझ्या आठवणीप्रमाणं मंडळानं बोलावणं सोडलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर बस्नेतसाहेब पुन्हा आले, या वेळी मिठाई घेऊन. नव्या सरकारातले दोन मंत्री बंदराच्या कामासाठी कोलकात्याला येणार होते. एक जंगलातून आलेले, एक जुन्या राजधानीतलेच. संघातर्फे खिदिरपूरच्या सभागृहात त्यांचा सत्कार होता, बाबा प्रमुख पाहुणे, आणि हार घालायला देवकीताई.

"दोघांसाठी एकच सोफा सांगितलाय," बस्नेतसाहेब खुशीत म्हणाले. "मखमली. फोटोत एकोपा दिसला पाहिजे." मग त्यांनी देवकीताईला तिचं भाषण सांगितलं. शांततेसाठी बलिदान दिलेल्या एका शहिदाची पत्नी या नात्यानं मी आपलं स्वागत करते. एवढंच. "नंतर मी दोघांशी तुझ्या मुलीच्या कामाचं बोलतो. एका सहीचं काम आहे."

देवकीताईनं विचारलं, "दोघं खरंच एका वेळी येणार?"

"एका गाडीतून."

"मग मी येते," ती म्हणाली.

ते गेल्यावर आईनं गॅस बारीक केला आणि तिच्याकडं पाहिलं. "तू ते वाक्य बोलणार नाहीस."

"नाही, दिदी. इतकी वर्षं एकाकडं गेलं की तो म्हणतो, त्याला विचार. दोघं एका जागी मला कधी सापडलेच नव्हते."

"नोकरी जाईल."

"जाईल."

"आणि मुलीचं काम?"

देवकीताईनं पिठाचा डबा आईकडं सरकवला. "अडेल," ती म्हणाली. "आत्ता तरी कुठं चाललंय." आई पोळ्या लाटत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "माझी मोरपंखी साडी नेस. तुझ्या साड्या माईकपुढं फिक्या दिसतील." बाबा तिथंच पेपर वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं.

सभागृहात पंखे होते पण वारा मंचापुरताच होता. मखमली सोफा मधोमध, तांबडा. त्यावर दोन्ही मंत्री बसले, आणि सोफा तिघांचा असल्यानं मधे एक माणूस मावेल एवढी जागा उरली. बाजूला साध्या खुर्चीवर बाबा. आम्ही दुसऱ्या रांगेत. जंगलातले मंत्री आधी बोलले, लोकांच्या विजयाबद्दल. मग राजधानीतले मंत्री बोलले, तेही लोकांच्या विजयाबद्दल. दोघांनीही हरल्याचा उल्लेख केला नाही, तेव्हा नेमकं कोण हरलं हे शोधायला सभागृहात नजर फिरवायची एवढंच उरलं होतं.

मग देवकीताईचं नाव पुकारलं. तिनं दोघांना हार घातले, नमस्कार केला आणि माईकपाशी गेली. ती नेपाळीत बोलली, पण हळू बोलली, आणि इतके महिने तिच्याबरोबर काढल्यावर मला सगळं समजत होतं.

"मी शहिदाची पत्नी नाही," ती म्हणाली. "माझा नवरा मेला असं मला कुणी सांगितलेलं नाही. त्याचं नाव हरिप्रसाद. त्याला आमच्या अंगणातून नेलं. तुम्ही म्हणता यांनी नेलं, हे म्हणतात तुम्ही नेलं. आज तुम्ही शेजारी बसला आहात. एकमेकांना विचारून घ्या. मी थांबते."

आणि ती खरोखरच थांबली. हात पुढं जोडलेले, सोफ्याकडं तोंड करून. ओरडली असती तर सोपं झालं असतं. ओरडणाऱ्या बाईला पाणी देऊन बाहेर नेता येतं. ही नुसती उभी होती, दुकानदार वजन करून देईपर्यंत गिऱ्हाईक उभं राहतं तशी. दोन्ही मंत्री समोर बघत राहिले. एकमेकांकडं बघण्याचा प्रश्नच नव्हता, त्यात उत्तर दिसलं असतं. शेवटी जंगलातले मंत्री म्हणाले, "बहिणी, आयोग नेमतो आहोत. आयोग बघेल."

"आयोगाला माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्हांला माहीत आहे."

राजधानीतल्या मंत्र्यांनी घड्याळ पाहिलं. बस्नेतसाहेबांनी माईकवाल्याला खूण केली, माईक बंद झाला आणि देशभक्तीच्या गाण्याची कॅसेट लागली. मागून कुणीतरी म्हणालं, खाली उतरवा तिला. दोन स्वयंसेवक पायऱ्या चढू लागले. आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

तेवढ्यात बाबा उठले. आता हे डबा उघडणार, असं मला खरंच वाटलं. त्यांनी स्वतःची खुर्ची उचलली, मंच ओलांडून गेले आणि ती सोफ्यासमोर देवकीताईच्या मागं ठेवली. "थांबायचंच आहे तर बसून थांबा," ते हिंदीत म्हणाले, फाईलवर शेरा मारावा अशा आवाजात. ती बसली. बाबा तिच्या शेजारी उभे राहिले, हात मागं बांधून. स्वयंसेवकांना आता प्रमुख पाहुण्यांना बाजूला सारल्याशिवाय तिच्यापर्यंत पोचता येईना, आणि त्याबद्दल त्यांना कुणी काही सांगून ठेवलेलं नव्हतं. गाणं संपलं, दुसरं लागलं. मग दोन्ही मंत्री एकदम उठले, त्या दिवशीचा त्यांचा खरा एकोपा तोच, आणि मागच्या दारानं चहाला गेले. फोटो मात्र निघाला होता. त्यात दोघं सोफ्यावर हसतमुख आहेत आणि देवकीताई हार घालते आहे. तो पुढं बरेच दिवस बस्नेतसाहेबांच्या ऑफिसात होता.

परत यायला टॅक्सी केली. मग आईनं विचारलं, "तुम्ही असं कसं केलंत?"

"बाई उभी होती," बाबा म्हणाले. ऑफिसनं खुलासा मागितला तेव्हाही त्यांनी एवढंच लिहून दिलं. पाहुण्या राष्ट्राच्या प्रतिनिधींचा अवमान का केला, याला हे उत्तर पुरेसं आहे की नाही यावर दिल्लीत काही महिने विचार झाला, आणि बाबांची बढती बाजूला ठेवून त्यांची बदली विशाखापट्टणमला झाली. त्यांनी त्याबद्दल कधी मत दिलं नाही.

बस्नेतसाहेब दुसऱ्याच दिवशी घरी आले. देवकीताईला कामावर येऊ नको म्हणून सांगायला माणूस पाठवता आला असता, पण ते स्वतः आले, आणि त्यांचा चेहरा खरंच पडलेला होता. आईनं त्यांना पोहे दिले. "माझाही एक पुतण्या असाच गेलाय," ते पोह्यांकडं बघत म्हणाले. "पण मला धंदा करायचा आहे, वहिनी." आईनं त्यांना आणखी पोहे वाढले. तो राग होता की माया, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

देवकीताई त्याच महिन्यात काठमांडूला गेली. तिच्यासारख्याच बायकांचा एक गट सरकारी कचेऱ्यांसमोर धरणं धरून बसायचा, त्यांच्यात जाऊन बसली. पुढं राज्यघटना झाली, आयोग झाला, आयोगाला मुदतवाढ मिळाली, मग मुदतवाढीला मुदतवाढ मिळाली. दोघंही मंत्री आळीपाळीनं सत्तेत येत-जात राहिले. समीक्षा अठरा वर्षांची झाल्यावर तिनं स्वतःच जाऊन बाप मेल्याचं लिहून दिलं आणि दाखला घेतला. तिला नर्सिंग शिकायचं होतं. मायलेकींचा दोन पावसाळे अबोला होता.

हे सगळं मला गेल्या वर्षी कळलं, कामासाठी काठमांडूला गेले तेव्हा. देवकीताईनं केस रंगवणं सोडलंय. खोली एकच, पण स्वच्छ. समीक्षा रात्रपाळी करून आली होती, तिनंच चहा केला.

"तिनं बरोबर केलं," देवकीताई म्हणाली, मुलगी समोर असतानाच. "मीही बरोबर आहे. घरात दोन बरोबर माणसं असली की चूल काही दिवस वेगळी पेटते, एवढंच." समीक्षा हसली आणि आत झोपायला गेली.

मी विचारलं, "ते दोघं मंत्री कधी भेटले का पुन्हा?"

"जंगलवाला भेटला. सत्तेबाहेर होता तेव्हा. आमच्यात येऊन बसला, पाठिंबा द्यायला. म्हातारा झालाय. माझ्याकडं बघून म्हणाला, तुम्हांला कुठं तरी पाहिलंय. मी म्हटलं, कोलकात्यात. उत्तर राहिलंय तुमचं."

"मग?"

"म्हणाला, विचारतो." तिनं खुंटीवरची शाल काढली. "मग निवडणूक झाली आणि तो निवडून आला."

ती हसत होती. मला हसू आलं नाही, तेव्हा तिनंच माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली. "चल, येतेस का? अकराला बसायचं असतं. उशीर झाला की सावलीतली जागा जाते." मी परतीचं विमान संध्याकाळचं आहे की नाही ते पुन्हा पाहून घेतलं आणि तिच्यामागून जिना उतरले.